उसव

आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, आणि तो शब्द होता ‘उसव’. तुम्ही हसाल. हसा खुशाल, आता मीही हसते. पण तेव्हा मला इतका राग आला होता की मी देवाचं नाव घेणंच टाकलं होतं. अहो, माणसाच्या डोक्यात हजारो शब्द असतात. त्यातला एकच ठेवायचा होता, तर एखादा कामाचा तरी ठेवायचा! ‘पाणी’ ठेवायचा, ‘दुखतंय’ ठेवायचा, लेकीचं नाव ठेवायचं. ते नाही. ठेवलं काय, तर ‘उसव’.

हे टेलर. घराची पुढची खोली म्हणजेच आमचं दुकान. रस्त्याच्या बाजूला काच, काचेमागे कोट घातलेला बिनडोक्याचा पुतळा, आत दोन मशिनी, कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात इस्त्री. सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. मास्तर कापणार आणि मशीन मारणार. काज, बटणं, तुरपाई, अस्तर, असं हाताचं सगळं माझ्याकडे. एकतीस वर्षं आम्ही त्या खोलीत समोरासमोर बसलो, आणि या एकतीस वर्षांत मी जे शिवलं त्यातलं निम्मं तरी ह्यांनी मला परत काढायला लावलं असेल. टाका जरा तिरका गेला की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘उसव.’’ रागाने नाही हं. ‘खिडकी लाव’ म्हणावं, इतक्या साधेपणाने.

‘‘अहो, आतली बाजू आहे, कोण बघणार आहे?’’ मी म्हणायची.

‘‘घालणाऱ्याला कळतं. उसव.’’

आणि नीट झालं तर ‘छान’ म्हणतील? नाव काढू नका. अंगठ्याचं नख शिवणीवरून एकदा सावकाश फिरवायचे आणि कपडा बाजूला ठेवायचे. तीच शाबासकी. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, नख साफ करताहेत.

बोलायला असे कंजूष, पण प्रार्थनेला उभे राहिले की माणूस वेगळा. रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना जमलेल्या मंडळीसाठी प्रार्थना करायची, ते काम वर्षानुवर्षं ह्यांचं. तीन पाळक येऊन गेले, चौथा आला, पण शेवटची प्रार्थना मास्तरांचीच. घरातही तेच. जेवायच्या आधी हे डोळे मिटून बोलणार, मी डोळे मिटून शेगडीवरच्या दुधाचा विचार करणार, आणि थांबले की ‘आमेन’ म्हणून वाढायला घेणार. एकदा म्हणाले, ‘‘आज तू कर.’’ मी म्हटलं, ‘‘देवाशी तुम्ही बोला, बाकी सगळ्यांशी मी बोलते. वाटणी ठरलेली बरी.’’ तेव्हा खूप हसले होते.

तर, झटका. सकाळी अकराची वेळ. हे कोटाची बाही कापत होते. हातातला खडू खाली पडला. मी मान वर न करताच म्हटलं, ‘‘उचला की, पायाखाली येईल.’’ बघते तर ह्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि हे टेबलाला टेकून हळूहळू खाली घसरताहेत. पुढचे दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती म्हणे. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून त्यांनी नीट माझ्याकडे बघितलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, ओळखलं! आणि हे म्हणाले, ‘‘उसव.’’

‘‘काय उसवू? चादर?’’

मान हलवली. परत म्हणाले, ‘‘उसव.’’ मग कपाळाला आठी पडली, कारण आपण काय म्हणायला गेलो आणि काय बाहेर आलं, हे त्यांचं त्यांना ऐकू येत होतं. त्यांना पाणी हवं होतं. ते कळायला मला अर्धा तास लागला.

दवाखान्यात एक मुलगी यायची. अशा माणसांना परत बोलायला शिकवणं हेच तिचं काम. मी तिचं नाव बोलकी ठेवलं. तिने मला व्हरांड्यात बसवून समजावलं. ‘‘काकू, मास्तरांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. असं झालं की काहींना एकच शब्द सुटतो, आणि काहीही म्हणायला गेलं तरी तोच बाहेर येतो. पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. या दिवसांत जितकं बोलतील, चुकीचं का होईना, तितकं परत यायची आशा जास्त.’’

‘‘आणि नाही बोलले तर?’’

‘‘तर मग फार कठीण जातं, काकू. काही माणसं गप्पच राहतात.’’

घरी आलो. पहिले तीन आठवडे बरे गेले. चहाला ‘उसव’, उशीला ‘उसव’, टीव्हीचा आवाज कमी कर म्हणायला ‘उसव’. मी वैतागायची, ओळखायला बघायची, दहातल्या तीन वेळा ओळखायची. पण बोलत होते. मग तो रविवार आला.

काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून उपासनेला आले. सगळ्यांनी भेटून घेतलं, पुढच्या बाकावर जागा दिली. शेवटी पाळकांनी म्हटलं, आपण प्रार्थना करू. नवे पाळक, वय ते काय, स्वतःच करणार होते बिचारे. पण हे सवयीने उठले. बाकाची पाठ धरून उभे राहिले, डोळे मिटले. आणि हे खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘उसव!’’

थांबले. श्वास घेतला. परत म्हणाले, ‘‘उसव!’’

मागे कोणी तरी फिसकन हसलं. पोस्टातली बाई होती, मला आवाज माहीत आहे. मनाची वाईट नाही ती. फुटलं हसू, झालं. पण हसू फुटलं की आवरत नाही, एकीचं बघून दुसरीचं, मग रुमाल तोंडात कोंबणं, खोकल्याचं सोंग. ह्यांचे कान लाल झाले. खाली बसले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतर पाच आठवडे बोलले नाहीत.

पाच आठवडे! ‘उसव’सुद्धा नाही. तोंडाला कुलूप. पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट. बोलकी मंगळवारी आणि शुक्रवारी घरी यायची, चित्रांची कार्डं मांडायची. कप, किल्ली, मांजर, छत्री. हे ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि भिंतीकडे वळायचे. लेक लांब असते, ती रोज फोन करायची. ‘‘बाबा, काही तरी बोला ना. काहीही बोला.’’ हे फोन कानाला लावून ऐकायचे आणि मग माझ्या हातात द्यायचे. मी विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, एकदा तर अन्न-पाणी बंद करीन म्हटलं. उपयोग शून्य. मी दुकानात एकटी बसून लोकांच्या पँटी आखूड करत होते आणि महिने मोजत होते. दोन महिने उलटून गेले होते. शिवताना वाकडा टाका पडला की मी आपसूक मान वर करायची. समोर खुर्ची रिकामी. कधी नव्हे ते सगळं पहिल्या फटक्यात पसंत पडत होतं, आणि मला नुसतं रडू यायचं.

पाळक भेटायला आले त्या दिवशी मी भरलेलीच होते. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. निघताना पाळक म्हणाले, ‘‘देवाची वेळ असते, काकू.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘‘मग त्याच्या घड्याळाला किल्ली द्या कोणी तरी! सहाच महिने दिलेत आम्हाला, त्यातले अर्धे संपत आले.’’

ते गडबडले. मग हळूच विचारलं, ‘‘घरी प्रार्थना होते का?’’

‘‘हे करायचे.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता कोण करणार? बिनडोक्याचा पुतळा?’’

‘‘तुम्ही करा,’’ असं म्हणून ते टोपी घेऊन निघाले. मी दार असं आपटलं की काच थरथरली. मनात म्हटलं, याला काय जातंय सांगायला.

त्याच संध्याकाळची गोष्ट. सूप आणि ब्रेड मांडलं, ह्यांच्या गळ्याशी रुमाल खोचला. आता एक सांगते, जे मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. हे रोज जेवायच्या आधी डावा हात टेबलावर ठेवायचे आणि ताटाकडे बघत थोडा वेळ थांबायचे. बोलायचे काही नाहीत. मग एकटक बघून झालं की चमचा उचलायचे. ते थांबणं मला सोसवायचं नाही. मी मुद्दाम पाणी आणायच्या निमित्ताने उठायची. त्या दिवशी पाय दुखत होते, उठले नाही. समोर बसून तो हात बघितला.

‘‘थांबा,’’ म्हटलं, ‘‘मी करते.’’

डोळे मिटले. एकतीस वर्षं ऐकलेलं, पण स्वतःच्या तोंडून काढायचं म्हणजे काय! मग आठवतील तसे पाळकांचेच शब्द घेतले, सूरही त्यांचाच. ‘‘हे परमपवित्र, सर्वसमर्थ पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरं तुझ्या चरणांशी येतो. या संकटातही आमची अंतःकरणं आनंदाने भरून वाहत आहेत, त्याबद्दल आम्ही तुझे...’’

‘‘उसव.’’

मी डोळे उघडले. ह्यांचे मिटलेलेच होते. मला वाटलं भास झाला. पाच आठवड्यांनी आवाज! आनंदाने ओरडू, का बोलकीला फोन करू, का चमचा फेकून मारू, काही सुचेना.

‘‘काय म्हणालात?’’

ह्यांनी एक डोळा उघडला. चष्म्यावरून बघितलं, अगदी तसंच बघितलं. ‘‘उसव.’’

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या वेळी शब्द चुकून सुटलेला नव्हता. त्यांना पाणी नको होतं, उशी नको होती. त्यांना जे म्हणायचं होतं, तेच त्यांच्या तोंडातून आलं होतं. झटका आल्यापासून पहिल्यांदा तो शब्द आपल्या जागी पडला होता. माझी प्रार्थना वाकडी गेली होती, आणि मास्तर मला ती काढून परत घालायला सांगत होते.

‘‘अहो, मी देवाशी बोलतेय, तुमच्याशी नाही,’’ मी म्हटलं. परत डोळे मिटले. ह्या वेळी ह्यांच्यासारखं करून बघितलं. ‘‘प्रभू, कोपऱ्यावरच्या बेकरीवालीच्या गुडघ्याला आराम दे. आजारी माणसांना सांभाळ. आम्हाला धीर दे. आम्ही खंबीर आहोत, आमची काही तक्रार...’’

‘‘उसव.’’

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘मग करा की तुम्ही! सगळं मीच करायचं का? दुकान मी बघायचं, पाय मी चोळायचे, औषधं मी द्यायची, आता देवाशीही मीच बोलायचं? आणि तो तरी ऐकतोय का? काय रे, ऐकतोयस का? हा माणूस एकतीस वर्षं तुझ्याशी बोलला. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आणि तू नेमका त्याचाच आवाज काढून घेतलास? माझा घ्यायचा होतास! माझा आवाज ऐकून हा सगळा रस्ता कंटाळलाय, कोणी तक्रार केली नसती. मी नाही खंबीर. मला तुझा राग आलाय. आणि मला भीती वाटते. हे असेच गप्प राहतील, आणि मी या टेबलाशी एकटीच बडबडत म्हातारी होईन. मला ह्यांचा आवाज हवाय. काहीही म्हणू दे. दिवसभर ‘उसव’ म्हणू दे, मी उसवत बसेन. पण बोलू दे रे ह्यांना. एवढंच. ऐकलंस का?’’

ह्यांच्याशी भांडता भांडता मी कधी देवाकडे वळले, मलाच कळलं नाही. श्वास लागला होता. मी ‘उसव’ची वाट बघत बसले.

तो आला नाही. ह्यांचा डावा हात हलला. टेबलावरच्या कापडाची कड माझ्या पुढ्यात आली होती, तिची शिवण त्यांनी बोटाने चाचपली. आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

मी धाय मोकलून रडले. हेही रडले. तोंडाची एकच बाजू हलायची, त्यामुळे रडताहेत की हसताहेत कळेना, बहुतेक दोन्ही. सूप पार थंड झालं. मी तुम्हाला खरं सांगते, देव काही बोलला नाही. खोलीत उजेडबिजेड पडला नाही. पण इतके दिवस छातीवर जे दगडासारखं बसलं होतं, ते उतरलं. कारण मी ज्याच्याशी भांडले तो कोणी तरी समोर होता. रिकाम्या खुर्चीशी असं भांडता येत नाही, मी दुकानात करून बघितलं होतं. कोणी तरी माझं सगळं, आतल्या बाजूसकट, ऐकून घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की मीच चकित झाले. परिस्थिती तसूभर बदललेली नव्हती, आणि मी थंड सूप पिताना गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेडला हात लावायच्या आधी ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे, चला, बाईसाहेब, सुरू करा. मग रोजचंच झालं. मी प्रार्थना करायची, मास्तर तपासायचे. जरा कुठे गोड गोड, पाठ केलेलं निघालं, की ‘उसव’. एकदा मी लेकीच्या सासूसाठी प्रार्थना केली, फार मोठं मन करून, तर चार वेळा उसवायला लावली. पाचव्यांदा मी म्हटलं, ‘‘देवा, ती बाई मला अजिबात आवडत नाही, तूच काय ते बघ,’’ तेव्हा कुठे नख फिरलं.

मंगळवारी बोलकीला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. ‘‘स्वतःहून? बरोबर जागी?’’ हुशार पोर. तिने कार्डं मांडली आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, ‘‘मास्तर, माझं तपासा. किल्ली दूध पिते. मांजराने कुलूप उघडतात.’’

‘‘उसव!’’ हे म्हणाले आणि हसले. बोलकीने माझा हात दाबला. म्हणाली, ‘‘शब्द कुठला का असेना, काकू. तोंड उघडलंय.’’

त्या दिवसापासून हे कार्डांपुढे बसायला लागले. घाम फुटेपर्यंत बसायचे. चहाचा ‘उसव’ चढ्या सुरात, दार लाव म्हणायला तुटक, लेकीचा फोन आला की लांबलचक आणि मऊ. बोलकी त्यांना सूर शिकवत होती, मी सूर ओळखायला शिकत होते. पण दुसरा शब्द काही येईना. तिसरा महिना गेला. चौथा गेला. मी रोज मागत होते, आणि रोज मागून झालं की भीती जरा कमी व्हायची, सकाळी परत यायची. मी देवाला तेही सांगायची. असे दिवस काढले. पाचवा महिना संपत आला.

बुधवारी संध्याकाळी मंडळीची प्रार्थना सभा असते, दर आठवड्याला एकाच्या घरी. पाळक विचारायला आले, ‘‘ह्या बुधवारी तुमच्याकडे घेऊ या का?’’ मला तो रविवार आठवला. ‘‘नको,’’ मी म्हटलं, ‘‘ह्यांना दगदग होते.’’

हे आतून ओरडले, ‘‘उसव!’’

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. ‘‘माझं ‘नको’ उसवायला सांगताहेत. या तुम्ही बुधवारी.’’

नऊ जण आले. कापायच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या, बिनडोक्याचा पुतळा सरकवून कोपऱ्यात उभा केला. बेकरीवाली आली, शाळेतले गणिताचे सर आले, आणि पोस्टातली बाईही आली. ती दारापाशी बसली, मान खाली घालून. एकेकाने आळीपाळीने प्रार्थना केली. मग ह्यांची पाळी आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे. काय करू, मला मिटवेनात. ह्यांनी डाव्या हाताने काठी सावरून धरली. आता जर कोणी हसलं, तर संपलं. परत ते कुलूप लागणार, आणि किल्ली शोधायला वेळच उरलेला नाही. ‘देवा,’ मी मनात म्हटलं, ‘एवढ्यांची तोंडं धरून ठेव.’

‘‘उसव,’’ हे म्हणाले.

कोणी हललं नाही.

मग ते बेकरीवालीकडे वळले. ‘‘उसव, उसव,’’ अगदी खालच्या सुरात, आणि स्वतःचाच गुडघा चोळला. तिने मिटल्या डोळ्यांनी ओळखलं. ‘‘आमेन,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. सरांकडे वळले. त्यांची बायको गेल्या वर्षी गेली. त्यांच्यासाठी एकच ‘उसव’ म्हणाले आणि मग कितीतरी वेळ नुसते थांबले. पाळकांसाठी बराच वेळ लागला. पाळकांना बऱ्याच गोष्टींची गरज असणार. मग दारापाशी. पोस्टातल्या बाईसाठी हे इतक्या मायेने बोलले की तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं. एकालाही वगळलं नाही. शब्द एकच, पण मला सगळं समजत होतं, आणि मला वाटतं तिथे बसलेल्या प्रत्येकाला आपापलं समजत होतं.

सगळे झाले. मग हे माझ्याकडे वळले.

तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मला वाटलं, दमले. मी उठून पाणी द्यायला जाणार, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ओठ हलत होते. चेहरा लाल झाला. गळ्याची शीर ताठ झाली.

‘‘हि...’’

मी टेबलाची कड घट्ट धरली.

‘‘हि... हि... ला.’’

हिला. अहो, हिला! तुम्हाला काय वाटेल माहीत नाही. पण ह्या माणसाने मला कधी नावाने हाक मारलेली नाही. मापं कुठे लिहिलीत, ‘हिला विचारा’. चहा हवाय, ‘हिला सांगतो’. एकतीस वर्षं ‘हिला’ म्हणजे मी. हजारो शब्दांतून धडपडत दुसरा जो बाहेर आला, तो मी होते.

सगळ्यांनी डोळे उघडले होते. ह्यांचेही उघडले. त्यांचं त्यांनाच खरं वाटत नव्हतं. पण मास्तर कुठले अर्धवट सोडायला! देवाकडे माझ्यासाठी जे मागायला निघाले होते ते पुरं करायला हवं. त्यांनी मोठा श्वास घेतला, डोळे वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘हिला... उसव!’’

मग पहिली मी हसले. पोट धरून हसले. मग बेकरीवाली, मग सर, पाळक तर टेबलावर डोकं ठेवून हसत होते, आणि पोस्टातली बाई हसत रडत होती. सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते मास्तर.

‘‘देवा, ह्यांचं ऐकू नकोस,’’ मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर, डोळ्यांतून धारा वाहत होत्या. ‘‘मला उसवू नकोस, मी आहे ती बरी आहे. मला काय हवं होतं ते तुला माहीत होतं. ते आत्ता मी माझ्या कानांनी ऐकलं. मी फार आनंदात आहे. आता मला दुसरं काही सुचत नाही.’’

हे काठी टाकून, टेबलाचा आधार घेत माझ्यापर्यंत आले. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि पुन्हा एकदा, ह्या वेळी न अडखळता, म्हणाले, ‘‘हिला.’’